विश्लेषण : ‘मराठवाडा’तील लेख की मराठवाड्यातील लेख? संशोधनात ग्रंथनामे कशी लिहावीत?

एम.ए.चा संशोधन प्रकल्प असो वा पीएच.डी.चा प्रबंध, पुस्तकाचे नाव अवतरणचिन्हांत घालायचे, ठळक करायचे, तिरपे करायचे की तसेच सोडून द्यायचे, याबाबत मराठीत एकवाक्यता नाही. एकाच प्रबंधात तिन्ही पद्धती सापडतात. वरवर हा टापटिपीचा मुद्दा वाटतो. पण नांदेड-लातूर भागातील साहित्यावर लिहिताना दोन छोट्या चिन्हांच्या अभावी पुस्तकाविषयीचे विधान थेट माणसांविषयीचे होऊन बसते. ते कसे आणि त्यावर उपाय काय, याचा आढावा.

नेमका प्रश्न काय?

“मराठवाड्यातील लेखांचा अभ्यास केला” या वाक्याचा अर्थ मराठवाडा या प्रदेशात लिहिल्या गेलेल्या लेखांचा अभ्यास. “‘मराठवाडा’तील लेखांचा अभ्यास केला” याचा अर्थ मात्र अनंत भालेराव ज्याचे संपादक होते, त्या दैनिक ‘मराठवाडा’मधील लेखांचा अभ्यास. अक्षरे जवळपास तीच. पण अभ्यासाचा विषय, त्याची व्याप्ती आणि साधने पूर्ण वेगळी. “फुले गुलामगिरीत सांगतात” असे लिहिले, तर जोतीराव फुले गुलाम होते की काय, असे वाचणाऱ्याला क्षणभर वाटेल. लिहिणाऱ्याला अभिप्रेत असतो तो १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ.

नांदेडमध्ये ‘स्वामी’ म्हटले की हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आठवतात. मराठी कादंबरीच्या अभ्यासकाला त्याच शब्दाने रणजित देसाई यांची थोरल्या माधवरावांवरील कादंबरी आठवते. ‘घाशीराम कोतवाल’ हे विजय तेंडुलकरांचे १९७२ साली रंगभूमीवर आलेले नाटक आहे आणि घाशीराम कोतवाल हा पेशवाईतील माणूसही. ‘गोलपिठा’ हा नामदेव ढसाळांचा १९७२ सालचा कवितासंग्रह आणि गोलपिठा हा मुंबईतील भागही. संदर्भावरून अर्थ लागतो, असे म्हणता येईल. पण संशोधनपर लेखनात वाचकावर अर्थ लावत बसण्याची वेळ येऊ नये, हीच अपेक्षा असते.

इंग्रजीत अशी अडचण का येत नाही?

इंग्रजीत शीर्षक ओळखण्याच्या खुणा एकाहून अधिक असतात. शीर्षकातील महत्त्वाच्या शब्दांची पहिली अक्षरे मोठ्या लिपीत येतात. शिवाय पुस्तकाचे नाव तिरप्या टंकात छापतात. एक खूण राहून गेली, तरी दुसरी असतेच. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. विशेषनाम आणि सामान्यनाम दिसायला सारखेच. त्यात तिरपा टंकही देवनागरीचा स्वतःचा नाही. त्यामुळे इंग्रजीत दोन-तीन खुणा जे काम वाटून घेतात, ते सारे काम मराठीत एकट्या अवतरणचिन्हाला करावे लागते. ते चिन्ह गळले, की शीर्षकाची ओळख पटवणारे काहीच उरत नाही.

नांदेड-लातूरच्या अभ्यासकांसाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा का?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. या भागातील विद्यार्थ्यांना ग्रामीण, दलित आणि भटक्या-विमुक्तांचे साहित्य हा अभ्यासविषय जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. आणि नेमक्या याच साहित्यातील शीर्षके रोजच्या बोलीतून, जातिनामांतून, अगदी शिव्यांतूनही आलेली आहेत.

लातूर परिसरातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’ हा शब्द एका जमातीवर मारलेला शिक्का आहे. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, “उचल्यातील चोरीचे प्रसंग वास्तव आहेत.” अवतरणचिन्हे नसतील, तर हे पुस्तकाचे वाङ्मयीन परीक्षण राहत नाही. ते एका जमातीवरील आरोपपत्र होते. ज्या आरोपाविरुद्ध ते पुस्तक लिहिले गेले, तोच आरोप. “‘उचल्या’तील चोरीचे प्रसंग” असे लिहिले, की विधान पुस्तकापुरते राहते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनाचे नाव तर समाजाने अनौरस ठरवलेल्या मुलाला दिली जाणारी शिवी आहे. ते नाव लेखकाच्या नावाला चिकटून, चिन्हांविना आले तर काय होईल, हे सांगायला नको. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४), दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) ही शीर्षकेही अशीच. लेखकाने अपमानाचा शब्द उचलून त्याचे शीर्षक केले, ही एक भूमिका असते. अभ्यासकाने चिन्हे वगळली, की ती भूमिका पुसली जाते आणि अपमान तेवढा शिल्लक राहतो.

हीच गोष्ट प्रबंधाच्या नावाची. “‘उचल्या’ : एक चिकित्सक अभ्यास” हा साहित्याचा प्रबंध आहे, हे ग्रंथालयाच्या सूचीत पाहताक्षणी कळते. “उचल्या : एक चिकित्सक अभ्यास” हा साहित्याचा की समाजशास्त्राचा, हे मात्र आतली पाने उघडल्याशिवाय समजत नाही.

मराठीत ही चिन्हे आली कधी?

अवतरणचिन्हे मराठीची जुनी नाहीत. हस्तलिखित पोथ्यांत दंड होते, एकेरी आणि दुहेरी; पण आजच्या अर्थाने विरामचिन्हे नव्हती. ग्रंथाचे नाव ठळकपणे सांगण्याची जागाही वेगळी होती. अध्याय किंवा ग्रंथ संपताना ‘इति श्री’ने सुरू होणाऱ्या समाप्तिवाक्यात ते येई. मोडी लिखाणात तर शब्दही सलग लिहिले जात.

एकोणिसाव्या शतकात छपाई आणि शालेय पुस्तके आली, तशी इंग्रजी विरामचिन्हेही मराठीत रुजली. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात सहभागी असलेले मेजर टॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० सालची. म्हणजे मराठीतील विरामचिन्हांचा हा व्यवहार पावणेदोनशे वर्षांचा आहे.

पुढे मराठी साहित्य महामंडळाने लेखनविषयक नियम ठरवले. १९६२ साली १४ नियम स्वीकारले गेले आणि १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडून ते १८ झाले. परंतु त्यांचा भर अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि काही शब्दांच्या लेखनावर आहे. पुस्तकाचे नाव कोणत्या चिन्हात लिहावे, हे ते सांगत नाहीत. शाळेत शिकवला जाणारा संकेत एवढाच, की बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देताना दुहेरी अवतरणचिन्ह आणि एखाद्या शब्दावर जोर देताना एकेरी. ग्रंथनामाला एकेरी चिन्ह लावण्याची प्रथा वृत्तपत्रे, नियतकालिके आणि प्रकाशकांच्या वापरातून पक्की होत गेली.

इंग्रजी संशोधनपद्धती काय सांगतात?

साहित्याच्या अभ्यासकांत एमएलए, सामाजिक शास्त्रांत एपीए आणि इतिहासासारख्या विषयांत शिकागो या पद्धती प्रचलित आहेत. एमएलएच्या पुस्तिकेची नववी आवृत्ती २०२१ ची. तपशिलांत फरक असले, तरी मजकुरात शीर्षक लिहिण्याबाबतचे मूळ तत्त्व तिन्हींत एकच आहे. जी कृती स्वतंत्र आणि पूर्ण आहे, ती तिरप्या टंकात. जी मोठ्या कृतीचा भाग आहे, ती अवतरणचिन्हांत. म्हणजे कादंबरी, नियतकालिक, चित्रपट तिरपे; कविता, कथा, लेख, प्रकरण अवतरणात.

तिरप्या टंकाचा इतिहास छपाईचा आहे. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याने १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती या टंकात छापली. त्या वेळी सबंध पुस्तकच तिरप्या अक्षरांत असे. वेगळेपण दाखवण्यासाठी त्याचा वापर नंतरचा. टंकलेखन यंत्रावर तिरपी अक्षरे नसत, म्हणून शीर्षकाखाली रेघ ओढायची रीत पडली. मुद्रकासाठी त्या रेघेचा अर्थ ‘हे तिरपे छापा’ असा होता. संगणकावर तिरपी अक्षरे सहज मिळू लागल्यावर या रेघेची गरज उरली नाही. तरीही मराठी प्रबंधांत ग्रंथनामांखाली रेघ दिसते, ती याच सवयीचा अवशेष.

मग देवनागरीतही तिरपी अक्षरे का वापरू नयेत?

वापरता येतात, पण ती बहुतेकदा खरी तिरपी नसतात. रोमन लिपीत तिरप्या टंकाची अक्षरे स्वतंत्रपणे घडवलेली असतात, त्यांचे वळणच वेगळे असते. देवनागरीच्या बहुसंख्य फॉण्टमध्ये असा जोड टंक नसतो. संगणक सरळ अक्षरालाच एका बाजूला ढकलतो. शिरोरेघ आडवी राहते आणि काने, वेलांट्या, मात्रा कलतात. लहान आकारात जोडाक्षरे आणि रफार वाचताना डोळ्यांना त्रास होतो. मजकूर एका फॉण्टमधून दुसऱ्यात नेताना ही खूण हरवण्याचीही शक्यता असते. अवतरणचिन्ह मात्र अक्षरासारखेच मजकुराचा भाग असते.

आपल्या लिपीला साजेशी खूण निवडणारी मराठी काही एकटी भाषा नाही. चिनीत ग्रंथनामांसाठी दुहेरी टोकदार कंस आहेत. जपानीत पुस्तकाला दुहेरी कोनी कंस, तर लेखाला एकेरी. या भाषांनी तत्त्व तेच ठेवले, खूण आपली निवडली. मराठीत तेच काम एकेरी अवतरणचिन्ह करते.

ग्रंथ आणि त्यातील भाग यांत फरक कसा दाखवायचा?

मराठीत खरी अडचण इथे येते. एकेरी चिन्ह कादंबरीलाही आणि कवितेलाही लावले, तर कोणते काय, हे कळणार कसे? बाबूराव बागूल यांच्या १९६३ सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या संग्रहात त्याच नावाची कथा आहे. नुसते नाव लिहिले, तर विधान एका कथेबद्दल आहे की सगळ्या संग्रहाबद्दल, हे ठरवता येत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, ग्रंथाला एकेरी आणि त्यातील कथा-कवितेला दुहेरी चिन्ह. दिसायला तो नेटका असला, तरी अवतरणे आणि संवादही दुहेरी चिन्हांतच येत असल्याने कवितेचे नाव आणि कवितेतील उद्धृत शब्द यांची गल्लत होते. दुसरा मार्ग मराठीच्या स्वभावाला अधिक जवळचा आहे. दोन्हींना एकेरी चिन्ह द्यायचे आणि सोबत प्रकार सांगणारे नाम जोडायचे. “कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ या संग्रहातील ‘क्रांतीचा जयजयकार’ ही कविता” असे लिहिले, की शंकेला जागा राहत नाही. ‘श्यामची आई’ हे साने गुरुजींचे १९३५ सालचे पुस्तक आहे आणि आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपटही. तिथेही ‘पुस्तक’ किंवा ‘चित्रपट’ हा एक शब्द काम भागवतो.

प्रस्तावनेचा संदर्भ देताना विशेष काळजी हवी. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांची रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला असलेली प्रस्तावना स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी इतकी महत्त्वाची मानली जाते. “कुरुंदकरांचे ‘श्रीमान योगी’” असे लिहिणे चूक. “‘श्रीमान योगी’ला कुरुंदकरांनी लिहिलेली प्रस्तावना” हे बरोबर. इथे ‘प्रस्तावना’ हे शीर्षक नसून प्रकार आहे, म्हणून त्या शब्दाला चिन्ह लागत नाही. उलट ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘मागोवा’, ‘रूपवेध’ ही कुरुंदकरांच्या पुस्तकांची नावे सामान्यनामांसारखी असल्याने तिथे चिन्ह अत्यावश्यक.

विभक्तीचा प्रत्यय आत की बाहेर?

हा प्रश्न कोणत्याही इंग्रजी पुस्तिकेत सापडणार नाही, कारण तो मराठीचा आहे. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते : पाचोळा, पाचोळ्यात, मराठवाडा, मराठवाड्यात. लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीबद्दल लिहिताना मग ‘पाचोळ्या’तील लिहायचे की ‘पाचोळा’तील?

शीर्षक म्हणजे नाव, आणि ते जसेच्या तसे राहिले पाहिजे, हे सूत्र धरले तर उत्तर सोपे होते. चिन्हांच्या आत मूळ नाव, न बदलता. बंद होणाऱ्या चिन्हाला चिकटून, मधे जागा न सोडता, प्रत्यय : ‘पाचोळा’तील, ‘उपरा’मध्ये, ‘बलुतं’चा, ‘अक्करमाशी’ने. अनेक शब्दांच्या शीर्षकात याचे महत्त्व जास्त. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ या आत्मकथनाला थेट प्रत्यय लावला, तर ‘आठवणींच्या पक्ष्यां’तील असे रूप होईल आणि मूळ नावातील दोन्ही शब्द बदलतील. ‘आठवणींचे पक्षी’मधील, किंवा त्याहून सुटसुटीत, ‘आठवणींचे पक्षी’ या आत्मकथनातील. कानाला खटकत असेल तिथे प्रकारवाचक नाम घालून प्रत्यय त्या नामावर टाकणे हा हमखास उपाय.

‘-कार’ या प्रत्ययाची गोष्ट थोडी वेगळी. पाचोळाकार बोराडे, उपराकार माने ही रूपे मराठवाड्यात आणि बाहेरही इतकी रुळली आहेत, की तो एकसंध शब्दच झाला आहे. तिथे चिन्ह नसले तरी अर्थ बिघडत नाही. न रुळलेल्या नावांबाबत मात्र “‘उचल्या’चे लेखक” असे लिहिणे सुरक्षित.

क्रियापदाचे लिंगवचन कशावरून?

पाचोळा हा शब्द पुल्लिंगी, कादंबरी स्त्रीलिंगी. “‘पाचोळा’ प्रसिद्ध झाला” की “झाली”? रूढ वापर साहित्यप्रकाराच्या बाजूचा आहे. कादंबरी म्हणून ‘पाचोळा’ प्रसिद्ध झाली, आत्मकथन म्हणून ‘उचल्या’ गाजले, कवितासंग्रह म्हणून ‘गोलपिठा’ गाजला. यातून वाचकाला प्रकारही आपोआप कळतो. एकदा स्त्रीलिंग आणि एकदा नपुंसकलिंग, अशी सरमिसळ मात्र टाळायला हवी.

शीर्षकातील शुद्धलेखन दुरुस्त करावे का?

नाही. प्रमाणभाषेच्या सवयीने ‘बलुतं’चे ‘बलुते’ किंवा ‘कोल्हाट्याचं पोर’चे ‘कोल्हाट्याचे पोर’ केले जाते. या शीर्षकांतील अनुस्वार बोलीचा आहे आणि तो लेखकाने जाणीवपूर्वक ठेवला आहे. मुखपृष्ठाच्या आतील शीर्षकपृष्ठावर जे छापले आहे, तेच ग्राह्य. मुखपृष्ठावरील सजावटीच्या अक्षरांपेक्षा आतले पान अधिक विश्वासार्ह असते. फुले यांच्या शेतकऱ्यांवरील ग्रंथाचे नाव ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ‘शेतकऱ्याचा आसूड’ असे दोन्ही प्रकारे आढळते. अशा वेळी हाताशी असलेल्या आवृत्तीतील लेखन घ्यावे, प्रबंधभर तेच ठेवावे आणि सूचीत शोधताना मात्र दोन्ही रूपे टाकून पाहावीत.

उपशीर्षकाचेही तसेच. भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० सालच्या कादंबरीचा पहिला उल्लेख ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ असा पूर्ण करावा, पुढे ‘हिंदू’ इतके संक्षिप्त नाव चालते. पण चिन्हे पुढेही हवीत. “‘हिंदू’मधील जातिव्यवस्था” आणि “हिंदूंमधील जातिव्यवस्था” या दोन वाक्यांशांत एका अनुस्वाराचे आणि दोन चिन्हांचे अंतर आहे.

पूर्णविराम आत की बाहेर?

जे चिन्ह शीर्षकाचे आहे ते आत. जे वाक्याचे आहे ते बाहेर. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या नावातील उद्गारचिन्ह नावाचाच भाग असल्याने ते गाळता येत नाही. शीर्षकावर वाक्य संपत असेल, तर पूर्णविराम बंद चिन्हाच्या बाहेर. अमेरिकी पद्धतीत तो आत घेतात. मराठीत तसे करण्याचे कारण नाही. दुहेरी चिन्हांतील अवतरणात ग्रंथनाम आले, तर त्याला एकेरी चिन्ह द्यावे.

कुठे चिन्ह लागत नाही?

ज्ञानेश्वरी, रामायण, महाभारत, भारताचे संविधान अशा सर्वपरिचित ग्रंथांचा सामान्य उल्लेख चिन्हांविना करण्याची रीत आहे. मात्र त्यांच्या विशिष्ट संपादित आवृत्तीचा संदर्भ असेल, तर त्या आवृत्तीचे नाव चिन्हांत. कायदे, संस्था, पुरस्कार आणि योजना यांची नावे ही ग्रंथनामे नव्हेत, त्यामुळे त्यांना चिन्हांची गरज नाही. शेवटी दिल्या जाणाऱ्या ग्रंथसूचीत लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष असा ठरलेला क्रम असल्याने जागेवरूनच शीर्षक कळते. तिथे चिन्हे द्यायची किंवा नाही द्यायची, काहीही चालेल. पण पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकच पद्धत हवी.

मराठी ग्रंथावर इंग्रजीत लिहिताना मूळ नाव रोमन लिपीत तिरपे आणि पुढे कंसात इंग्रजी अर्थ अशी रीत आहे. त्यात एक सावधगिरी आवश्यक. ‘उचल्या’चा इंग्रजी अनुवाद साहित्य अकादमीने ‘द ब्रँडेड’ या नावाने प्रसिद्ध केला आहे. प्रकाशित अनुवाद असेल, तर त्याचे छापील नावच द्यावे. स्वतः केलेला अर्थ हा केवळ अर्थ आहे, पुस्तकाचे नाव नव्हे, हे वाचकाला कळले पाहिजे.

वाङ्मयचौर्य तपासणीशी याचा संबंध काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रत सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होऊ शकते. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. परंतु मजकूर उद्धृत आहे, हे कळण्यासाठी तो अवतरणचिन्हांत असावा लागतो. तपासणीच्या अनेक प्रणाली त्यासाठी दुहेरी चिन्हे पाहतात. म्हणून शीर्षकाला एकेरी आणि उताऱ्याला दुहेरी ही विभागणी संशोधकाच्या हिताचीही आहे.

दुसरा मुद्दा शोधाचा. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात जातात. प्रबंध युनिकोडमध्ये असेल आणि शीर्षक मूळ रूपात असेल, तर ‘पाचोळा’ हा शब्द टाकून शोधणाऱ्याला “‘पाचोळा’तील” सापडेल, “पाचोळ्यातील” सापडणार नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टंकलेखन केले असेल तर अडचण वाढते. त्यात अवतरणचिन्हाच्या जागी प्रत्यक्षात भलतेच अक्षर साठवलेले असते आणि रूपांतर करताना चिन्ह उडते किंवा त्याचे काहीतरी वेगळेच होते. डीटीपी केंद्रातून प्रबंध आल्यावर केवळ ऱ्हस्व-दीर्घ तपासून भागत नाही. उघडणारे आणि बंद होणारे चिन्ह जोडीने आहे का, हेही पाहावे लागते.

विद्यार्थ्यांनी नेमके काय करावे?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती आणि संशोधन प्रकल्प आल्याने हा प्रश्न आता पीएच.डी.पुरता राहिलेला नाही. विभागाने किंवा मार्गदर्शकाने एखादी पद्धत ठरवून दिली असेल, तर तीच अंतिम. तशी नसेल तर पहिल्या प्रकरणाआधीच पाच गोष्टी एका कागदावर लिहून ठेवाव्यात : ग्रंथ आणि त्यातील भाग, दोन्हींना एकेरी चिन्ह व सोबत प्रकाराचे नाव, उताऱ्याला दुहेरी चिन्ह, प्रत्यय चिन्हाबाहेर आणि चिकटून, शीर्षकाचे लेखन शीर्षकपृष्ठानुसार, पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि वर्ष. हाच कागद टंकलेखन करणाऱ्यालाही द्यावा. प्रबंधाच्या सुरुवातीला या संकेतांची चार ओळींची नोंद दिली, तर परीक्षकाला पद्धत कळते आणि तोंडी परीक्षेत त्यावर वेळ जात नाही.

छपाईपूर्वीची शेवटची तपासणीही सोपी आहे. प्रबंधात वारंवार येणाऱ्या पुस्तकांची यादी करावी आणि एकेक नाव संगणकावर शोधून प्रत्येक ठिकाणी चिन्हे आहेत का, ते पाहावे. सुरुवात जातिनाम, गावाचे नाव किंवा माणसाचे नाव असलेल्या शीर्षकांपासून करावी. तिथे झालेली चूक व्याकरणापुरती राहत नाही.